अगरूचं तेल : आजारी झाडाची कमाई

निरोगी अगरूच्या झाडाला बाजारात फारशी किंमत नाही. लाकूड पांढुरकं, हलकं आणि नरम. घराला खांब म्हणून ते चालत नाही, त्याचं टिकाऊ फर्निचर होत नाही. वास तर औषधालाही नाही. पण त्याच खोडात अळी शिरली, तिच्यामागून बुरशी घुसली आणि आतलं लाकूड वर्षानुवर्षं काळं पडत गेलं, की झाडाचं नशीब पालटतं. त्या काळ्या लाकडाचे तुकडे ग्रॅमवर मोजले जातात आणि त्यातून निघणारं तेल तोळ्यावर विकलं जातं. चांगल्या प्रतीच्या तेलाचा किलोचा भाव लाखांच्या घरात असतो.

आसामच्या गोलाघाट, जोरहाट, शिवसागर या भागांत घरामागच्या सुपारीच्या बागेत अगरूची झाडं असणं ही नेहमीची गोष्ट. आसामी लोक त्याला साँची म्हणतात. मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, घराचं छप्पर असा मोठा खर्च आला की बागेतली दोन-चार झाडं विकायची, अशी तिकडची रीत. व्यापारी येतो, झाडाभोवती फिरतो, खोडावर भोकं किती आहेत ते मोजतो. भोकांतून ताजा भुसा पडतोय का, मुंग्यांची ये-जा आहे का, शेंडा वाळू लागलाय का, हे बघतो. मग उभ्या झाडाचा सौदा होतो. आत काळं लाकूड किती आणि पांढरं किती, हे कुऱ्हाड पडेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. कधी व्यापाऱ्याच्या अंगलट येतं, कधी शेतकरी आपलं झाड कवडीमोलानं गेलं म्हणून हळहळतो. दोन्ही बाजूंनी खेळला जाणारा हा जुगारच आहे, आणि अगरूचा सगळा धंदा मुळात याच जुगारावर उभा राहिला.

या झाडाच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव अ‍ॅक्विलारिया. ईशान्य भारतापासून म्यानमार, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशिया असा त्याचा पट्टा आहे आणि त्यात वीसच्या आसपास जाती मोडतात. आसामातली जात अ‍ॅक्विलारिया मलाक्केन्सिस. मेघालयाच्या खासी टेकड्यांत अ‍ॅक्विलारिया खासियाना आढळते. व्हिएतनाम आणि कंबोडियाकडे क्रास्ना, दक्षिण चीनमध्ये सायनेन्सिस. जायरिनॉप्स नावाची जवळची भावंडंही आहेत. तीही सुगंधी राळ धरतात आणि त्यांचाही व्यापार होतो.

राळ धरण्याची या झाडाची तऱ्हा इतर झाडांपेक्षा वेगळी आहे. चीडाच्या झाडाला चीर दिली की राळ वाहते, बाभळीला जखम झाली की डिंक बाहेर येऊन थिजतो. अगरूत असं काही वाहत नाही, कारण राळ वाहून नेणाऱ्या नळ्याच त्याला नाहीत. बहुतेक झाडांत अन्नरस वाहणाऱ्या पेशी सालीच्या आतल्या बाजूला असतात. अगरूत त्यांतल्या काही पेशींची छोटी छोटी बेटं लाकडाच्याही आत विखुरलेली असतात. या जिवंत पेशींत पिष्ट साठलेलं असतं. खोडाला इजा झाली आणि बुरशीचा शिरकाव झाला की या पेशी साठवलेलं पिष्ट वापरून संरक्षक रसायनं बनवू लागतात. ती रसायनं जागच्या जागी साठतात, आजूबाजूच्या लाकडात मुरतात, आणि लाकूड तपकिरी, मग काळपट, जड आणि तेलकट होत जातं. रबराच्या झाडासारखा चीक काढून झाड जिवंत ठेवायची सोय इथे नाही. माल हवा असेल तर लाकूडच तोडावं लागतं.

आसामात ही इजा करायचं काम मुख्यतः झ्यूझेरा नावाच्या पतंगाची अळी करते. ती खोड पोखरत वर-खाली बोगदे पाडते आणि त्या बोगद्यांतून बुरशी आत जाते. संशोधकांनी अशा लाकडातून फ्युजेरियमसारख्या अनेक बुरश्या वेगळ्या केल्या आहेत. राळ नेमकी एकाच बुरशीमुळे होते असं मात्र नाही. जखम, हवा, बुरशी आणि वेळ या सगळ्यांचा त्यात हात असतो. किड्याचा या सुगंधाशी संबंध असल्याचं आपल्याकडच्या जुन्या लोकांनाही माहीत होतं. अमरकोशात अगरूची जी नावं दिली आहेत, त्यांत ‘कृमिज’ हेही एक आहे.

झाडाच्या संरक्षक रसायनांचे दोन मोठे गट आहेत, आणि अगरूचं तेल समजून घ्यायचं तर ते दोन्ही माहीत असायला हवेत. पहिला गट सेस्क्विटर्पीनांचा. अगरोफ्युरान, अगरोस्पायरॉल, जिंकोह-एरेमॉल अशी त्यांतली काही नावं. पाण्याच्या वाफेबरोबर ही रसायनं सावकाश वर येतात. तेलात प्रामुख्यानं तीच असतात. दुसरा गट क्रोमोनांचा. ही जड रसायनं वाफेला सहसा दाद देत नाहीत. पण लाकूड निखाऱ्यावर तापलं की फुटतात आणि त्यांतून नवे, गोडसर सुगंधी रेणू सुटतात. म्हणूनच एकाच झाडाच्या लाकडाचा धूर आणि त्याच लाकडाचं तेल, दोघांचा वास सारखा येत नाही. पारखी लोक दोन्ही वेगवेगळे बाळगतात, आणि त्यात नुसता शौक नाही, रसायनशास्त्रही आहे.

तेल गाळण्याचं भारतातलं मोठं ठिकाण म्हणजे मध्य आसामातलं होजाई आणि त्याच्या आसपासची इस्लामपूर, नीलबागान ही गावं. त्रिपुरात कदमतला, सीमेपलीकडे बांगलादेशात मौलवीबाजार जिल्ह्यातलं सुजानगर. या गावांत घरोघरी भट्ट्या आहेत. माल आला की पहिलं काम निवडीचं. कारागीर खोडाच्या फळ्या पाडतात आणि हातातल्या लहान छिन्नीनं काळ्या लाकडाभोवतीचं पांढरं लाकूड तासून काढतात. हे काम तासन्‌तास मान खाली घालून करायचं असतं. काळा भाग एका गुंजेएवढाही वाया जाता कामा नये आणि पांढरा भाग त्याला चिकटूनही राहता कामा नये. भरीव, राळेनं गच्च झालेले तुकडे तसेच्या तसे धुपासाठी विकले जातात. त्यांना भट्टी दाखवणं म्हणजे नुकसान. तेलासाठी वापरतात ते त्याखालच्या प्रतीचं, म्हणजे मधूनमधून काळ्या रेषा असलेलं लाकूड.

या लाकडाचा भुगा करून तो पाण्यात भिजत घालतात. काही ठिकाणी आठवडाभर, काही ठिकाणी महिनाभर, कधी त्याहूनही जास्त. भिजलेला भुगा आंबतो, पाण्यावर फेस येतो, आणि वास असा सुटतो की नवख्या माणसानं नाकाला रुमाल लावावा. या आंबवण्यानं लाकडाचे धागे सैल होतात आणि तेल सुटायला मदत होते. तेलाच्या वासातही फरक पडतो. आखाती बाजारात अगरूला ऊद आणि आसामी तेलाला ‘हिंदी ऊद’ म्हणतात. त्याचा पहिला भपकारा गोठ्याची, कातड्याची आठवण करून देतो. तो येतो तो मुख्यतः या भिजवण्यातून.

मग भट्टी. तांब्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या हंड्यात भुगा आणि पाणी भरायचं, झाकण बंद करून सांधे लिंपायचे आणि खाली मंद आच द्यायची. वाफ नळीतून बाहेर पडते, थंड पाण्याच्या टाकीतून जाताना तिचं पाणी होतं आणि दुसऱ्या भांड्यात जमतं. त्या पाण्यावर तेलाचा पातळ तवंग येतो. आच कित्येक दिवस सलग चालू ठेवावी लागते, कारण अगरूतले सुगंधी घटक जड आहेत, ते घाईनं वर येत नाहीत. शेवटी येणारं तेल घट्ट आणि गडद असतं, आधी येणारं पातळ. अनुभवी गाळणारा केव्हा थांबायचं हे वासावरून ठरवतो. तवंग हातानं टिपून घेतात. तेलात राहिलेलं पाणी जावं म्हणून ते उन्हात ठेवतात, गाळतात, आणि मग काचेच्या बाटल्यांत भरून जुनं होऊ देतात. उतारा अगदी तुटपुंजा. साधारण प्रतीच्या शंभर किलो लाकडातून शे-दोनशे ग्रॅम तेल निघालं तरी गाळणारा समाधानी असतो. उरलेला चोथाही फुकट जात नाही. तो वाळवून धूप आणि उदबत्तीवाल्यांना विकला जातो.

कमी राळेच्या किंवा जवळपास निरोगी लाकडाचंही तेल काढतात. त्याला आसामात ‘बोया’ म्हणतात. ते स्वस्त असतं आणि त्याचा मुख्य उपयोग अस्सल तेलात मिसळायला होतो. अर्थात बाटलीवर ही गोष्ट कधीच लिहिलेली नसते.

अगरूचा व्यापार आजकालचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात घ्यायच्या मौल्यवान मालाच्या यादीत चंदनानंतर अगरू येतो. जोंगक, दोंगक आणि समुद्रापलीकडून येणारा असे त्याचे प्रकारही दिले आहेत. चरकसंहितेत हेमंत ऋतूत अंगाला अगरूचा दाट लेप लावायला सांगितलं आहे, आणि थंडी वाजून येणाऱ्या तापावर अगुर्वादि तेल. कालिदासाच्या रघुवंशात रघूची स्वारी प्राग्ज्योतिषापर्यंत, म्हणजे आजच्या आसामात पोचते, तेव्हा त्याचे हत्ती कालागरूच्या झाडांना बांधले जातात. भूगोलाच्या दृष्टीनं हा तपशील अगदी चोख आहे.

सातव्या शतकातला पुरावा आणखी बोलका आहे. कामरूपचा राजा भास्करवर्मा यानं सम्राट हर्षाकडे हंसवेग नावाचा दूत पाठवला. बाणभट्टाच्या हर्षचरितात त्या दूतानं आणलेल्या नजराण्याची लांबलचक यादी आहे. त्यात जाड वेळूच्या नळ्यांत भरलेलं कृष्णागरूचं तेल आहे आणि अगरूच्या सालीच्या पानांवर लिहिलेली पुस्तकंही आहेत. म्हणजे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी आसामात हे तेल काढलं जात होतं आणि राजाला शोभेल अशी भेट मानलं जात होतं. सालीच्या पानांची परंपरा तर पुढे हजार वर्षं टिकली. साँचीची साल सोलून, वाळवून, घोटून केलेल्या पानांना साँचीपात म्हणतात. आसामच्या वैष्णव सत्रांतल्या, म्हणजे मठांतल्या, पोथ्या त्यांवरच लिहिलेल्या आहेत, आणि अहोम राजदरबारात 1734 साली तयार झालेला हत्तींवरचा सचित्र ग्रंथ ‘हस्तिविद्यार्णव’ही साँचीपातावरच आहे.

जपानची कथा समुद्रातून सुरू होते. ‘निहोन शोकी’ या जुन्या बखरीत 595 सालची नोंद आहे : अवाजी बेटाच्या किनाऱ्याला एक ओंडका वाहून आला, लोकांनी तो सरपण म्हणून चुलीत घातला, आणि घमघमाट सुटल्यावर घाबरून दरबारात नेऊन दिला. जपानमध्ये अगरूचं झाड उगवत नाही, त्यामुळे तिथे प्रत्येक तुकडा परदेशी आणि म्हणून जपून वापरायचा. त्यातूनच पुढे ‘कोदो’ ही सुगंध ऐकण्याची कला घडली. हो, तिथे सुगंध ‘ऐकतात’. नारा शहरातल्या शाही भांडारात ‘रांजाताई’ नावाचा दीड मीटर लांबीचा, सुमारे साडेअकरा किलो वजनाचा ओंडका आजही आहे. त्याचा तुकडा कापून घेणं हा सत्ताधीशाचा मान मानला जाई. 1574 साली ओदा नोबुनागानं तो कापला, 1877 साली सम्राट मेइजीनं. त्या दोघांनी कुठे कापलं ते दाखवणाऱ्या चिठ्ठ्या त्या ओंडक्यावर लावलेल्या आहेत.

मोगलांच्या काळात पारख पाण्यात टाकून होई. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त पूर्ण बुडणारं, अर्धवट बुडणारं आणि तरंगणारं लाकूड असे भेद सांगितले आहेत. तर्क सरळ आहे. कोरं लाकूड हलकं, राळ जड; जितकी राळ जास्त तितकं लाकूड तळाशी. ही परीक्षा आजही चालते, आणि म्हणूनच लबाड लोक तुकड्यांत जड पदार्थ भरून ते बुडतील अशी व्यवस्था करतात.

सध्या अगरूच्या तेलाचं खरं घर आखाती देशांत आहे. सौदी अरेबिया, कुवेत, अमिराती, ओमान इथे ऊद ही श्रीमंतांपुरती चैन राहिलेली नाही, ती पाहुणचाराची रीत आहे. जेवण झालं की निखाऱ्यावर अगरूचा तुकडा ठेवलेली मबखरा, म्हणजे तिकडची धुपाटणी, पाहुण्यांपुढे फिरवतात. पाहुणा तो धूर हातानं ओढून दाढीला, कपड्यांना, डोक्यावरच्या रुमालाला लावून घेतो. मबखरा फिरली की निघायची वेळ झाली, असा त्याचा न बोललेला अर्थ. तेल मनगटाला आणि कानामागे लावतात, अगदी थेंबभर. ते कपड्यावर पडलं तर धुण्यानंतरही वास रेंगाळतो. मक्केच्या काबागृहालाही ऊदाचं तेल लावलं जातं. तायफच्या गुलाबाच्या अत्तराबरोबर त्याचं मिश्रण करणं हा अरब अत्तरकारांचा आवडता मेळ. आखाताच्या बाजारात तेलाचं माप अजूनही तोळा हेच आहे, आणि ते भारतातून तिकडे गेलेलं आहे.

वासाच्या बाबतीत तिथलं गिऱ्हाईक चोखंदळ असतं. कंबोडियाचं तेल गोडसर, फळांची आठवण देणारं. नव्यानं ऊद वापरू लागलेल्यांना ते लवकर आवडतं. हिंदी ऊद उग्र. पहिल्या पाच मिनिटांत नाक मुरडणारे बरेच भेटतील, पण तास-दोन तासांनी त्याचा उग्रपणा ओसरतो आणि खाली लाकडाचा, मधाचा, मसाल्याचा वास उरतो. जुने अरब खरेदीदार याच्यासाठीच जास्त पैसे मोजतात.

पाश्चात्त्य अत्तरांच्या दुनियेला ऊद फार उशिरा भेटला. 2002 साली इव्ह सँ लोराँनं ‘एम सेव्हन’ नावाचं पुरुषांचं अत्तर काढलं, तेव्हा ते फारसं चाललं नाही. पण पाच वर्षांनी टॉम फोर्डच्या ‘ऊद वुड’नं बाजार खुला केला. त्यानंतर बाटल्यांवर ‘ऊद’ लिहिण्याची साथच आली. त्यांतल्या बहुसंख्य बाटल्यांत खऱ्या तेलाचा अंश नसतो किंवा नावापुरता असतो. प्रयोगशाळेत बनवलेल्या सुगंधी रसायनांचं मिश्रण त्यात असतं. यात फसवणूक आहे असं सरसकट म्हणता येणार नाही. काही हजार रुपयांच्या बाटलीत लाखाच्या भावाचं तेल मावणार कसं, हा हिशेब गिऱ्हाइकानंही करायला हवा.

या व्यापाराच्या नकाशावर मुंबई ठळकपणे येते. होजाईचे भातशेतकरी हाजी अजमल अली पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला अगरू घेऊन मुंबईत आले, कारण अरब खरेदीदार मुंबईत येत होते. अजमल अलींच्या दुकानातून उभी राहिलेली अजमल ही कंपनी पुढे दुबईत गेली आणि आज आखातातल्या मोठ्या अत्तर-उद्योगांपैकी एक आहे. अरब मंडळी पावसाळ्यात मुंबईला यायची ती पाऊस बघायला, आणि जाताना अत्तर घेऊन जायची. मोहम्मद अली रोड, मिनारा मशिदीचा परिसर आणि कुलाबा इथल्या अत्तराच्या दुकानांची बैठक याच गिऱ्हाइकीवर बसली. आजही तिथे काचेच्या कांडीनं मनगटावर एक ठिपका लावून ‘अर्धा तास फिरून या’ असं सांगणारा दुकानदार भेटला, तर तो आपलं काम जाणतो असं समजायला हरकत नाही.

मराठी घरात एक घोटाळा मात्र हमखास असतो. आपण तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकतो तो ऊद म्हणजे लोबान, स्टायरॅक्स नावाच्या वेगळ्याच झाडाचा डिंक. अगरूशी त्याचं नातं नाही. अगरबत्तीच्या नावात अगर उरला असला तरी साध्या अगरबत्तीत कोळशाची पूड, चिकटपणासाठी जिगत आणि बांबूची काडी असते. अगरू असलाच तर महागड्या बत्तीत. जेली करायला वापरतात ते अगर-अगर तर समुद्री शेवाळातून येतं.

भेसळीबद्दल बोलायलाच हवं, कारण या धंद्यात ती जितकी जुनी आहे तितकीच कल्पक आहे. तेलात बोया मिसळणं ही त्यातली सभ्य भेसळ. त्यापुढची पायरी चंदनाचं किंवा इतर जाड तेल घालण्याची. त्याहून वाईट म्हणजे डीओपीसारखं प्लॅस्टिक-उद्योगातलं बिनवासाचं रसायन घालून वजन वाढवणं. ते त्वचेला लावायच्या लायकीचं नाही. लाकडातही चलाखी चालते. कोऱ्या लाकडाला रंग आणि सुगंध पाजून ते काळं करतात आणि जाणत्या व्यापाऱ्यांत अशा मालाला ‘ब्लॅक मॅजिक’ असंच नाव पडलं आहे. नुसत्या नाकानं अस्सल तेल ओळखणं वर्षानुवर्षं या धंद्यात असलेल्यांनाही नेहमी जमत नाही. खात्री हवी तर प्रयोगशाळेत तेलातले घटक वेगळे करून तपासावे लागतात.

औषधी गुणांचे दावेही पुष्कळ होतात. जपानी संशोधकांना अगरूतल्या काही सेस्क्विटर्पीनांचा उंदरांवर शामक परिणाम दिसला आहे, आणि आयुर्वेदात तसंच चिनी वैद्यकात त्याचा वापर शतकानुशतकं आहे. पण माणसांवरच्या चाचण्यांचा पुरावा थोडका आहे. निद्रानाशापासून कर्करोगापर्यंत सर्वांवर हमखास उपाय म्हणून कुणी बाटली पुढे केली, तर ती परत ठेवावी.

आता जंगलाकडे. झाडाच्या आत काय आहे हे बाहेरून कळत नाही, ही गोष्ट बागेतल्या शेतकऱ्याला गमतीची वाटेल. जंगलासाठी ती जीवघेणी ठरली. काळं लाकूड असलेलं एक झाड सापडेपर्यंत माल शोधणारे अनेक कोरी झाडं पाडत गेले. बी देणारी मोठी झाडं गेली. शिवाय अगरूचं बी फार थोड्या दिवसांत उगवण्याची शक्ती गमावतं. दक्षिण चीनमधल्या अगरूवर केलेल्या संशोधनात एक विलक्षण गोष्ट दिसली : फळ उकलल्यावर बी धाग्याला लोंबकळतं, त्याचा वास गांधीलमाश्यांना खेचून आणतो आणि त्या बी उचलून दूर सावलीत नेऊन टाकतात. माश्यांना हवा असतो तो बियांना चिकटलेला मांसल भाग. ही साखळी जंगल तुटलं की तुटते. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत आसामची ही जात आता ‘अतिसंकटग्रस्त’ गटात आहे.

भारताच्या प्रस्तावावरून 1994 साली आसामच्या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या, म्हणजे संकटात असलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टाखाली आणला गेला. दहा वर्षांनी अगरूच्या सगळ्याच जाती त्यात आल्या. म्हणजे व्यापार बंद नाही, पण परवान्याशिवाय नाही. प्रश्न असा की आसामचा माल बहुतांश परसबागेतला, आणि कायदा लिहिला गेला जंगलातल्या झाडांना डोळ्यांसमोर ठेवून. आपल्या बागेतलं आपण लावलेलं झाड विकायला शेतकऱ्याला कागदांच्या चळतीतून जावं लागे, आणि म्हणून माल चोरवाटांनी जाई. ही अडचण ओळखून आसामनं 2020 साली आणि त्रिपुरानं 2021 साली स्वतंत्र अगरू धोरण आणलं. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासाच्या आधारे, लागवडीतल्या मालाची निर्यात जंगलाला मारक नाही हे भारताला साइट्ससमोर दाखवता आलं. एप्रिल 2024 पासून भारताचा वार्षिक निर्यात कोटा वाढून तुकडे आणि पूड मिळून 1,51,080 किलो आणि तेल 7,050 किलो झाला. त्याआधी तो अनुक्रमे 25,000 आणि 1,500 किलो होता. ही वाढ रास्त आहे. ज्या शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या झाड जपलं, त्याला चोर ठरवणाऱ्या नियमानं झाड वाचत नाही.

जुगार संपवायचे प्रयत्नही जुनेच आहेत. सुजानगरच्या परिसरात पाच-सहा वर्षांच्या झाडाच्या खोडात बुंध्यापासून शेंड्यापर्यंत खिळे ठोकतात. काही वर्षांनी प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं. मग झाड तोडून खिळे एकेक करून उपटायचे आणि काळा भाग वेगळा करायचा. माल मिळतो, पण राळ पातळ थराचीच. नव्वदच्या दशकात मिनेसोटा विद्यापीठातले वनस्पती-रोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्लँचेट यांनी व्हिएतनाममधल्या लागवडीत वेगळी पद्धत बसवली. खोडाला ठरावीक अंतरावर भोकं पाडायची, जखम भरून येऊ नये म्हणून त्यात हवा खेळती ठेवणाऱ्या छोट्या नळ्या बसवायच्या आणि राळ निर्माण करायला चिथावणारा पदार्थ आत सोडायचा. चीनमध्ये झाडाला सलाइनसारखी बाटली टांगून चिथावणीचं द्रावण थेट खोडातून वर चढवतात, त्यानं सगळं खोड एकदम काळं पडू लागतं. जोरहाटच्या वर्षावन संशोधन संस्थेतही बुरशी टोचण्यावर वर्षानुवर्षं काम चालू आहे.

टोचलेल्या झाडातून दोन-तीन वर्षांत तेल मिळतं, आणि बाजारात आज येणारं बरंचसं तेल असंच आहे. जुन्या पारख्यांना ते उथळ वाटतं. त्यात थोडा अहंकार असेल, पण सगळाच नाही. तीस वर्षं हळूहळू मुरलेल्या लाकडातली रसायनांची विविधता दोन वर्षांत येत नाही. तरीही जंगल वाचवायचं असेल तर हाच रस्ता आहे, आणि उथळ का होईना पण लागवडीतलं तेल वापरणं जंगल पोखरून आणलेल्या तेलापेक्षा केव्हाही बरं.

कर्नाटकच्या मलनाडात सुपारीच्या बागांतून अगरू लावलेला दिसतो. कोकणातली हवा दमट, पाऊस भरपूर, त्यामुळे तिथेही झाड वाढायला अडचण नाही. अडचण पुढची आहे. झाड वाढणं म्हणजे राळ तयार होणं नव्हे. कोवळी पानं फस्त करणारी हेओर्टिया नावाची अळी एका हंगामात झाड बोडकं करते. टोचणी कोण करणार, कोणत्या पदार्थानं, राळ किती आली हे कोण ठरवणार, निर्यातीचे कागद कोण काढणार आणि भट्टी कुठे आहे, या प्रश्नांची लेखी उत्तरं रोप विकणाऱ्याकडून घेतल्याशिवाय एकरभर लागवड करू नये. ‘दहा वर्षांत करोडपती’ असं सांगणारा बहुतेक वेळा रोपं विकूनच कमावत असतो. हौस असेल तर आसामी माणसासारखं करावं : सुपारीच्या बांधावर पाच-दहा झाडं लावावीत आणि बाकीची शेती आपली नेहमीसारखी चालू ठेवावी.

दुबई, मस्कत, दोहा इथून सुट्टीवर येणाऱ्या मराठी मंडळींच्या सामानात ऊदाची बाटली असतेच. त्यांनी घेताना जात, देश आणि तेल लागवडीतलं आहे की जंगलातलं, हे विचारावं आणि पावती ठेवावी. साइट्सच्या नियमांत वैयक्तिक वापराच्या मालाला सवलत आहे : माणशी एक किलोपर्यंत लाकडाचे तुकडे, 24 मिलिलिटरपर्यंत तेल आणि मण्यांच्या दोन माळा. काही देशांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात, तेव्हा निघण्याआधी ते पाहून घ्यावेत. 24 मिलिलिटर म्हणजे बाजारातल्या तोळ्याच्या दोन बाटल्या. त्याहून जास्त असेल तर परवाना लागतो.